अनसूयाबाईंना जामीन कोण

ब्रह्मपुरीच्या मुलींच्या शाळेत अनसूयाबाई हजेरी घेत, तेव्हा मुलीच्या नावाबरोबर तिच्या आईचं नाव घेत. 'चंद्रा सखूची', 'भागीरथा जनाबाईची', 'नूर जैबुन्निसाची'. हजेरीपटावर बापांची नावं असत, पण बाई ती वाचत नसत. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "हा काय प्रकार आहे?" बाई म्हणाल्या, "साहेब, पोरगी आजारी पडली का सांगाले माय येते. बाप मले अजून एकाही पोरीचा दिसला नाई. ज्याले पाह्यलं नाई त्याचं नाव कसं घेऊ?" साहेब हसले नाहीत. त्यांनी शेराबुकात शेरा लिहिला. बाईंनी तो उभ्याने वाचला, खाली सही केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा 'चंद्रा सखूची' सुरू.

मी तेव्हा वरोऱ्याहून नुकतीच आलेली वीस वर्षांची मास्तरीण होते. देश स्वतंत्र होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती, चंद्रपूरला सगळे चांदाच म्हणत, आणि एकट्या मुलीला ब्रह्मपुरीत खोली मिळणं कठीण होतं. अनसूयाबाईंनी मला आपल्या दोन खोल्यांपैकी एक दिली. भाडं अर्धं अर्धं, स्वयंपाक एकत्र. त्यांच्या घरात त्या आणि त्यांची अकरा वर्षांची कुसुम, एवढीच माणसं. नवरा होता, पण तो वरोऱ्याला कापसाच्या जिनात सुपरवायझर होता आणि त्याचा तिथे दुसरा संसार होता. बाई त्याच्याबद्दल बोलत नसत. बोलायची वेळ आली तर 'वरोऱ्याचे' म्हणत, जणू तो एखादा दूरचा खातेदार होता.

बाई उंच आणि काटक, हनुवटीवर गोंदण, पायात पुरुषी चपला. वर्गात खुर्ची होती, पण त्यांना खुर्चीत बसलेलं मी पाहिलं नाही. रस्त्याने मधोमध चालत. मागून बैलबंडी आली तरी आधी वळून बंडीवाल्याकडे पाहत, त्याला ओळखीचं काही विचारत, मग कडेला होत. जेवताना भातावर जवसाची चटणी आणि वरून कच्चं तेल, बाकी काही असलं-नसलं तरी चाले.

कागद न वाचता सही करायची नाही, हा त्यांचा खरा हट्ट. पगाराच्या दिवशी कारकून पट घेऊन यायचा. आम्ही सगळ्या सह्या करून मोकळ्या व्हायचो. पटावर लिहिलेली रक्कम आणि हातात पडणारी रक्कम यांत चार रुपयांचा फरक असायचा. हे सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलत नव्हतं. अनसूयाबाईंनी एका महिन्यात पट वाचला आणि पेन खाली ठेवलं. "हातात जेवढे, कागदावर तेवढेच," एवढंच म्हणाल्या. त्या महिन्यात त्यांना अठरा दिवस पगार मिळाला नाही. आम्ही दोघींनी माझ्या पगारावर काढले. एकोणिसाव्या दिवशी कारकुनाने पूर्ण पैसे आणून दिले. पुढच्या महिन्यापासून आम्हां सगळ्यांनाच पूर्ण मिळू लागले. त्याबद्दल बाईंना कुणी काही म्हटलं नाही आणि त्यांनीही कधी आठवण काढली नाही.

कुसुम आईसारखी उंच होणार होती. पुस्तकातलं मराठी बोलायची तिला फार हौस. आई काही बोलली की ती अभ्यासातून मान वर करून म्हणायची, "आई, 'मले' नाही, 'मला'." बाई म्हणत, "मला तं मला. आता भात खा."

शिक्षकांची एक पतपेढी ब्रह्मपुरीत होती. मुलांच्या शाळेचे हेडमास्तर बापूजी ती चालवत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी त्यांच्या शाळेच्या मोठ्या वर्गात सतरंजीवर सभा भरे. सभासद महिन्याला थोडे थोडे पैसे टाकत आणि त्यातूनच ज्याला गरज त्याला कर्ज मिळे. अट एकच जाचक होती. कर्ज कशासाठी हवं ते अर्जात लिहायचं आणि अर्ज सगळ्यांसमोर वाचला जायचा. अनसूयाबाईंना हे मुळीच पटत नसे. बापूजींनी घरी येऊन फार आग्रह केला म्हणून त्या वर्षभरापूर्वी सभासद झाल्या होत्या, पण सभेहून आल्या की म्हणत, "आपल्या घरचे धुतलेले-न धुतलेले कपडे मास्तरायसमोर काऊन वाळत घालाचे? त्यापेक्षा बँक बरी. पैसे द्या, पैसे घ्या. कोनी पुसत नाई, तुमच्या घरी चूल पेटली का नाई."

कुसुमला आषाढात खोकला लागला. बाईंनी अडुळसा दिला, मध दिला. श्रावणात तिला संध्याकाळचा ताप येऊ लागला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि चिठ्ठी देऊन नागपूरला पाठवलं. बाई रजा काढून तिला घेऊन गेल्या, चौथ्या दिवशी परत आल्या. कुसुमला झोपवलं, हातपाय धुतले आणि माझ्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

"विमल, तू दुसरी खोली पाह्य."

"काऊन, बाई?"

"कुसुमले क्षय हाय. तुह्यं लग्न व्हायचं हाय. तू इथी राहू नोको."

मी म्हटलं, "मी कुठी जात नाई." खरं सांगायचं तर मला जायला जागाही नव्हती. त्या दिवसापासून मी माझं पाणी वेगळ्या गडव्यात ठेवू लागले, हे लक्षात येणार नाही अशा बेताने. बाईंनी ते पहिल्याच दिवशी पाहिलं. माझा गडवा त्यांनी उचलला आणि आणखी दूर, माझ्या खोलीतल्या कोनाड्यात नेऊन ठेवला.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता नवं औषध निघालं आहे, स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं. रोज एक, तीन महिने, खंड न पडता. पोरगी लहान आहे, वेळेवर सुरू केलं तर वाचेल. खाट सरकारी मिळेल, इंजेक्शनं विकत आणावी लागतील. औषध, राहणं, खाणं धरून सहाशे रुपये. बाईंचा पगार सत्तरच्या आत होता. अंगावर सोनं नव्हतं, ते ट्रेनिंगच्या वर्षात गेलं होतं. शेत नाही, घर नाही, त्यामुळे सावकार दारात उभं करणार नाही. आईबाप वारलेले, भाऊ नाही.

मी म्हटलं, "पतपेढीत अर्ज टाका."

"आन् लिहू काय? पोरीले क्षय झाला म्हून? दुसऱ्या दिवशी घरमालक सामान बाहेर टाकते. शाळेत एक पोरगी बसत नाई माह्यासमोर. नोकरी गेली तं इंजेक्शनं कोठून आनू?"

क्षयाचं नाव तेव्हा लोक दार लावूनच घेत. बाईंनी ठरवलं, चांद्याला बँकेत जायचं. तिथे कुणी ओळखत नाही. कुसुमजवळ शेजारच्या म्हातारीला, साधा ताप आहे म्हणून सांगून, बसवलं आणि आम्ही दोघी छोट्या लाइनच्या गाडीने चांद्याला गेलो.

बँक किल्ल्याच्या वेशीच्या आत होती. दगडी इमारत, पितळी जाळ्या, छताला पंखा. बाई स्वच्छ इस्त्रीचं लुगडं नेसून आल्या होत्या. बाकावर बसून त्यांनी सगळीकडे पाहिलं आणि हळूच मला म्हणाल्या, "पाह्य, कोनी कोनाकडे पाहत नाई." त्यांना ती जागा आवडली होती. मला अजून ते आठवतं, कारण त्यानंतर काही त्यांना आवडल्याचं मी पाहिलं नाही.

मॅनेजर पुण्याकडचे, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी बाईंना खुर्ची दिली. कर्ज कशासाठी, विचारलं. बाई म्हणाल्या, "घरखर्चासाठी." त्यांनी पुढे काही विचारलं नाही. छापील अर्ज काढला.

"पतीचं नाव?"

बाईंनी कागद आपल्याकडे ओढून नाव लिहिलं.

"ते कुठे असतात?"

"वरोऱ्याले."

"मग त्यांची इथे जामीनदार म्हणून सही लागेल."

"साहेब, पगार माह्या नावावर येते. पटावर सही माही चालते."

"पगार घ्यायला चालते, बाई. कर्जाला मागे जबाबदार माणूस लागतो."

"मंग मी कोन?"

मॅनेजरांनी पेन टेबलावर ठेवलं. ते खरोखरच अवघडले होते. "हा नियम मी केलेला नाही. पतीची सही आणा. पगाराचा दाखला आणा. मी आठवड्यात रक्कम देतो. एवढं मी नक्की करतो."

बाहेर आल्यावर बाईंनी वेशीजवळ तो अर्ज पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, "तुह्या वरोऱ्याले गाडी कधी हाय?"

वरोऱ्याला आम्ही माझ्या आईकडे उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी जिनामागच्या चाळीत गेलो. गणपतराव घरीच होते. मला वाटलं होतं कुणी दांडगा माणूस असेल. ते मऊ, स्थूल आणि सतत घाम पुसणारे गृहस्थ निघाले. दुसऱ्या बायकोने आम्हाला पाणी आणून दिलं आणि आत जाऊन पडद्यामागे उभी राहिली. तिचे पाय दिसत होते.

बाईंनी सगळं सांगितलं. क्षय, इंजेक्शनं, बँक. गणपतराव खाली पाहत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "पैशे माह्याजवळ नाई, अनसूये."

"पैशे नाई मांगत. सही मांगून राह्यली."

ते उठले, पेटी उघडून एक दुमडलेला कागद काढला. तो आधीच लिहून तयार होता. घड्यांवर मळला होता, म्हणजे वर्षभर तरी तसाच पडून असेल. नवा कायदा झाला होता, पहिली बायको असताना दुसरी करता येत नाही असा. त्यांनी दुसरं लग्न केलं होतं त्यानंतरच, आणि कुणीतरी त्यांना भीती घातली होती.

"यावर तू सही कर. मी त्यावर करतो."

बाईंनी उभ्याने कागद वाचला. दोन्ही बाजूंनी वाचला. मला नंतर त्यांनीच सांगितलं त्यात काय होतं ते. अनसूयाबाईने स्वखुशीने घर सोडलं, दुसऱ्या लग्नाच्या आधीच जातीच्या पंचांसमोर काडीमोड झाली, तिचा आणि मुलीचा पोटगीचा काही हक्क राहिलेला नाही. पंच बसले नव्हते. काडीमोड झाली नव्हती. घर त्यांनी सोडलं नव्हतं, त्यांना पाच वर्षांच्या पोरीसह स्टेशनवर आणून सोडलं होतं.

"यात तुम्ही माह्ये नवरे नाई," बाई म्हणाल्या.

"कागदापुरतं."

"आन् बँकेच्या कागदावर तुम्ही माह्ये नवरे हाय."

गणपतरावांनी घाम पुसला. "मंग काय करू? तू सांग."

चार रुपयांसाठी अठरा दिवस पगार सोडलेली ही बाई. मी त्यांच्याकडे पाहत होते. मला वाटलं त्या कागद फाडतील. त्यांनी दौत मागितली, भिंतीला कागद टेकवला आणि सही केली. पूर्ण नाव, तारीख, नेहमीसारखं ठसठशीत अक्षर. मग बँकेचा अर्ज गणपतरावांपुढे सरकवला. त्यांनी न वाचता सही केली.

परत येताना बाई एकदाच बोलल्या. "'स्वखुशीनं' असं लिवलं होतं. मी वाचलं आन् मंग केली."

पगाराचा दाखला मिळायला दहा दिवस गेले. कारकुनाने मुद्दाम लावले असतील किंवा नसतील. कागद पुरे झाल्यावर आम्ही पुन्हा चांद्याला गेलो. मॅनेजरांनी अर्ज पाहिला, सही पाहिली, आणि कपाटातून एक जाड वही काढून पानं उलटली. एका पानावर ते थांबले. वही त्यांनी आमच्याकडे वळवली नाही.

"बाई, ही सही मला चालणार नाही."

"काऊन?"

"यांच्या नावावर आमच्याकडे आधीचं कर्ज थकलेलं आहे. दोन वर्षं एक पैसा भरलेला नाही. यांचा जामीन मी घेऊ शकत नाही." मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "दुसरं कुणी आहे का? वडील? भाऊ? दीर?"

बाईंनी अर्ज उचलला, घडी घातली, पदराच्या टोकात बांधला. दारातून बाहेर पडताना त्यांनी पितळी जाळी धरली. शिपाई म्हणाला, जाळीला हात लावू नका.

घरी आलो तर म्हातारी अंगणात बसलेली. ती आत जायला तयार नव्हती. कुसुमने उशीवर रक्त टाकलं होतं.

पहिला रविवार चार दिवसांवर होता. बाईंनी अर्ज लिहायला घेतला तेव्हा मी म्हटलं, "'घरखर्च' लिहा. कोनी खोदून विचारनार नाई."

"नाई. ते पैशे त्यायच्या लेकराच्या तोंडचे होत. कशाले देऊन राह्यलो, हे त्यायले माहीत पाहिजे." मग म्हणाल्या, "एक खोटी सही करून पाह्यली. काय झालं त्याचं?"

सभेला तीसेक मास्तर आणि आम्ही पाच बायका होतो. बापूजींनी अर्ज एकामागून एक वाचले. कुणाला कौलांसाठी हवे होते, कुणाला बहिणीच्या लग्नासाठी. अनसूयाबाईंचा अर्ज हातात घेऊन ते एक ओळ वाचून थांबले. बाई उभ्या राहिल्या. "द्या बापूजी, मी सांगते," म्हणाल्या. त्या आयुष्यात पहिल्यांदाच कुसुमच्या मराठीत बोलल्या. "माझ्या मुलीला क्षय झाला आहे. नागपूरला इंजेक्शनं द्यायची आहेत. मला सहाशे रुपये पाहिजेत. माझ्याजवळ गहाण ठेवायला काही नाही. नोकरी आहे. उद्या तीही राहील का नाही, मला माहीत नाही."

सतरंजीवर त्यांच्या पुढे बसलेल्या मास्तरांनी पाय आखडून घेतले. त्यांच्या बाजूची बाई उठून खिडकीशी गेली, हवा पाहिजे म्हणून. कुणी वाईट बोललं नाही. बापूजी चष्मा पुसत म्हणाले, "नियमानं तुम्हाला दीडशेच्या वर देता येत नाई, बाई. तुमचे शेअर थोडे हाय. आन् दोन जामीन लागतीन. सभासदायपैकी."

उर्दू शाळेचे युसुफ मास्तर मागच्या भिंतीला टेकून बसले होते. त्यांचा आमचा बोलण्याचासुद्धा संबंध नव्हता. ते बसल्या जागेवरून म्हणाले, "एक मेरा नाम लिखो, बापूजी. माझी बहीण याच बीमारीत गेली. तेव्हा ही दवा नव्हती."

"दुसरा कोन?" बापूजींनी विचारलं.

मी बाईंच्या शेजारी बसले होते. माझा अर्धा पगार वरोऱ्याला जायचा. बाईंची नोकरी गेली तर हप्ते माझ्या पगारातून कापले जाणार, हे मला कळत होतं. त्याहून मोठी भीती वेगळीच होती. हात वर केला की मी त्याच घरात राहते हे सगळ्यांच्या ध्यानात येणार होतं, आणि ती बातमी वरोऱ्यापर्यंत जाणार होती. बापूजींनी चष्मा घातला, काढला, पुन्हा पुसला. मी हात वर केला तोवर त्यांनी तोच प्रश्न दोनदा विचारला होता. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मग कौलांसाठी अर्ज केलेल्या मास्तरांनी आपला अर्ज मागे घेतला. पाऊस आता संपतच आला, म्हणाले. बापूजींनी नियमाबाहेर जाऊन सहाशेला सभेची मंजुरी घेतली आणि तीनशे रुपये बाईंच्या हातात ठेवले. "पेटीत एवढेच हाय. बाकीचे वसुली येईन तसे मनिऑर्डरनं पाठवतो. मी शब्द देऊन राह्यलो."

सोमवारी बाईंच्या वर्गात चाळीसपैकी अकरा मुली आल्या. मंगळवारी चार. त्या चारांत नूर जैबुन्निसाची होती. बुधवारी शाळेच्या कमिटीने बाईंना बिनपगारी रजेवर जायला सांगितलं. घरमालकाने सामान बाहेर टाकलं नाही, पण विहिरीचा दोर काढून घेतला. बाईंना ज्याची भीती होती ते जवळजवळ सगळं तीन दिवसांत झालं. गुरुवारी त्या कुसुमला घेऊन नागपूरला निघाल्या, तेव्हा बापूजी त्यांची ट्रंक डोक्यावर घेऊन बाजाराच्या रस्त्याने स्टेशनपर्यंत गेले. साठीचे हेडमास्तर, डोक्यावर टोपी आणि टोपीवर ट्रंक. लोक दुकानातून पाहत होते. त्यांनी मुद्दामच तो रस्ता धरला होता, असं मला वाटतं.

मी दिवाळीच्या सुट्टीत नागपूरला गेले. कुसुमचा ताप उतरला होता, गालावर मांस आलं होतं. तिने मला दवाखान्याच्या पाटीवरच्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवल्या. बाई वऱ्हांड्यात राहत, तिथेच तीन दगडांवर भात शिजवत. मला वाटलं, निभावलं.

त्यानंतर पैसे संपले. त्या महिन्यात शिक्षकांचे पगार उशिरा झाले, म्हणून वसुली उशिरा झाली. बापूजींनी स्वतःच्या घरून काही पाठवले, तेही पोस्टात अडकले. एकोणीस दिवस इंजेक्शनं बंद पडली. बाई त्या दिवसांत दवाखान्यातल्या दुसऱ्या रोग्यांच्या चादरी धूत होत्या, दिवसाला एका इंजेक्शनाचेही पैसे त्यातून येत नव्हते. मनिऑर्डर आली, इंजेक्शनं पुन्हा सुरू झाली, पण डॉक्टर म्हणाले, मधे खंड पडला, आता औषध पहिल्यासारखं लागू होत नाही.

मी दुसऱ्यांदा गेले ती डिसेंबरच्या शेवटी. कुसुम भिंतीकडे तोंड करून पडली होती. माझा आवाज ऐकून वळली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "आई, मले घरी ने." बाई तिचे केस सारत होत्या. त्यांचा हात थांबला. त्यांनी तिला दुरुस्त केलं नाही.

वऱ्हांड्यात त्या मला म्हणाल्या, "मी मोजले, विमल. पहिल्या दिवशी पतपेढीत गेली असती तं पाच आठवडे वाचले असते. चांद्याले दोनदा गेली. वरोऱ्याले गेली. लाज वाचवाले गेली."

मी म्हटलं, तसं नाही, तेव्हाही पेटीत पैसे नसते, खंड तेव्हाही पडला असता. त्यांनी ऐकून घेतलं. "असंन," म्हणाल्या. त्यांना ते पटलं नव्हतं, आणि मला तरी कुठे पटलं होतं.

कुसुम संक्रांतीच्या आधी गेली. सात इंजेक्शनं शिल्लक होती. ती बाईंनी पलीकडच्या खाटेवरच्या मुलीच्या आईला दिली आणि उरलेले अकरा रुपये बापूजींपुढे आणून ठेवले. पुढच्या सभेत दोघातिघांनी सुचवलं की कर्ज माफ करावं, वर्गणी काढून भरावं. बाई दाराशीच उभ्या होत्या, आत सतरंजीवर आल्या नव्हत्या. तिथूनच म्हणाल्या, "माफ कराचं नाई. माह्यानंतर कोनी बाई अर्ज घेऊन आली तं तुम्ही म्हणसान, अनसूयेचे बुडाले."

फेडण्यासाठी नोकरी पाहिजे होती, आणि ब्रह्मपुरीत त्यांच्यासमोर मुली बसायला तयार नव्हत्या. धानोऱ्याच्या पलीकडे जंगलात एक शाळा वर्षभर मास्तरावाचून बंद होती. मलेरियाच्या भीतीने तिथे कुणी जात नसे. बाईंनी ती मागून घेतली. तिथून दर महिन्याला पतपेढीच्या नावाने मनिऑर्डर येत राहिली, अडीच वर्षं, एकही महिना न चुकता. माझ्या पगारातून किंवा युसुफ मास्तरांच्या पगारातून एक पैसाही कापला गेला नाही. शेवटच्या मनिऑर्डरच्या कुपनावर 'बाकी शून्य, पोच द्यावी' एवढंच लिहिलेलं होतं. त्यानंतर मी दोन पत्रं लिहिली. दोन्ही परत आली. गडचिरोलीच्या एका मास्तराने सांगितलं, त्या शाळेवर आता दुसरा माणूस आहे. बाई कुठे गेल्या ते त्याला माहीत नव्हतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या जंगलाकडे निघाल्या त्या दिवशी, वैनगंगेच्या घाटावर. पलीकडे आरमोरीच्या बाजूला मोटार मिळणार होती. पाणी उतरलं होतं, तरी डोंग्याशिवाय पार होत नव्हतं. मी ट्रंक चढवून दिली. "पान्याचा गडवा आता खाली आन, तुह्या कोनाड्यातला," बाई म्हणाल्या, आणि डोंग्यात जाऊन अगदी टोकाला, सगळ्यांपासून दूर बसल्या.

डोंगा सुटायच्या वेळी एक गोंड बाई धावत आली. डोक्यावर मोहफुलांची टोपली, कडेवर सहा-सात महिन्यांचं मूल. टोपली आत ठेवायला तिला दोन्ही हात मोकळे हवे होते. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि जवळ असलेल्या अनसूयाबाईंच्या मांडीवर मूल ठेवून दिलं, न विचारता. बाई दचकल्या. त्यांनी मुलाला दोन्ही हातांनी धरलं, पण अंगापासून लांब, हात ताठ करून. पदराचं टोक दातात धरून त्यांनी तोंड झाकलं आणि मान पाण्याकडे वळवली. ती बाई टोपली लावून, कमरेची गाठ घट्ट करून, डोंग्याच्या कडेवर निवांत बसली. मूल परत घ्यायची तिला घाई नव्हती. डोंगा मधल्या धारेपर्यंत गेला तोवर मी पाहत होते. बाईंनी मूल तसंच धरलं होतं आणि श्वाससुद्धा त्याच्या अंगावर जाऊ नये अशी मान वळवून बसल्या होत्या.